एक टाइल किती ग्राउट खाते

साताऱ्याच्या आमच्या घरातली न्हाणी नव्यानं करायची ठरली ती बाबांच्या गुडघ्यामुळे. ऑपरेशन झालं, वॉकर सुटला, पण जुन्या गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकताना ते दाराची चौकट धरून थांबायचे. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शनिवारी रात्री घरी, सोमवारी पहाटे परत. म्हणून काम मिस्त्री बघणार आणि माल मी आणून देणार अशी वाटणी झाली. टाइल, सिमेंट, वाळू, नळ, सगळं मोजून आणलं. ग्राउटचा, म्हणजे टाइलींमधले सांधे भरायच्या मालाचा, हिशेब तेवढा मी स्वतः केला नाही, दुकानात विचारला.

न्हाणी ७ फूट बाय ५ फूट. भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल. चारी भिंती मिळून २४ फूट, त्याला उंचीनं गुणलं की १६८. दार आणि खिडकी वजा जाता १४७ चौरस फूट. खालची जमीन ३५. एकूण १८२. दुकानदारांनी आकडा ऐकला आणि लगेच सांगितलं, "ब्रासला एक किलो धरा. दोन पाकिटं न्या, थोडं उरेलच." आपल्याकडे फरशीच्या कामात शंभर चौरस फुटांना ब्रास म्हणतात, मजुरीही त्यावरच ठरते. त्यामुळे हिशेब कानाला सरळ वाटला. आयव्हरी रंगाची एक-एक किलोची दोन पाकिटं घेऊन मी घरी आलो.

भिंतीच्या टाइल्स ३०० बाय ४५० मिलिमीटरच्या, आपण १२ बाय १८ म्हणतो त्या. आडव्या लावल्यानं ७ फुटांत बरोबर सात ओळी बसल्या. रविवारी मिस्त्री सांधे भरायला बसले. वरून खाली येत होते, रबरी पट्टीनं माल तिरका ओढायचा, मागून ओल्या स्पंजनं पुसायचं. हात अगदी सराईत. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी घमेलं उपडं करून दाखवलं. सहाव्या ओळीच्या कोपऱ्यातल्या चार टाइल्स आणि खालची अख्खी सातवी ओळ बाकी होती. जमिनीला तर हातही लागला नव्हता.

सोमवारी मी चाकणला आणि इकडे आईनं रिकाम्या पाकिटाचा फोटो दाखवून त्याच कंपनीची, त्याच रंगाची आणखी दोन पाकिटं मागवली. काम पुरं झालं. शनिवारी रात्री घरी पोचल्यावर मी न्हाणीतला दिवा लावला आणि जमिनीपासून फूट-दोन फुटांवर रंग बदललेला दिसला. वरचे सांधे पिठासारखे पांढरट, खालचे सायीसारखे पिवळसर. तोही बदल सरळ रेषेत नाही. तीन भिंतींवर सातव्या ओळीपासून आणि गीझरच्या कोपऱ्यात एक ओळ वर चढलेला. बाबा स्टुलावर बसून अंघोळ करतात. बसल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर नेमका तोच कोपरा येतो. ते म्हणाले, "पाय घसरत नाही आता. मला एवढं बास आहे." मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दोन्ही वेळची पाकिटं मी माळ्यावरून काढून शेजारी ठेवली. नाव एक, रंगाचा क्रमांक एक, बॅच वेगळी. सिमेंटच्या ग्राउटमध्ये रंगद्रव्य असतं, आणि बॅच बदलली की छटा किंचित हलते. त्यात पाण्याचं प्रमाण कमीजास्त झालं तर फरक आणखी वाढतो. पाणी जास्त झालं की सांधा वाळल्यावर फिका पडतो. मिस्त्रींनी दोन्ही वेळा पाणी नजरेनंच घातलं होतं, सगळेच घालतात. पण दुसरी बॅच आणायची वेळच आली नसती तर हे काहीच झालं नसतं. दोन किलोचा अंदाज कुठून आला आणि तो कुठे फसला, हे मला शोधायचंच होतं.

कागद घेऊन बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की ग्राउट टाइलवर बसतच नाही, दोन टाइलींच्या मधल्या खाचेत बसतं. मग चौरस फुटांशी त्याचा थेट संबंध काय? खाचेची लांबी, रुंदी आणि खोली, एवढ्यावरच माल ठरणार. एका टाइलला चार बाजू असतात, पण प्रत्येक बाजूची खाच शेजारच्या टाइलबरोबर निम्मी-निम्मी असते. म्हणजे एका टाइलच्या वाट्याला एक लांबी आणि एक रुंदी येते. आमच्या भिंतीच्या टाइलला ३०० अधिक ४५०, म्हणजे ७५० मिलिमीटर खाच. रुंदी २ मिलिमीटर. खोली म्हणजे टाइलची जाडी. ती मी व्हर्नियरनं कडेला मोजली, पाठीवरच्या उंचवट्याच्या रेघा सोडून, ८ भरली. गुणाकार केला तर १२,००० घन मिलिमीटर. म्हणजे १२ मिलिलिटर, दोन-अडीच चहाचे चमचे.

आता पावडर किती? एक लिटर खाच भरायला साधारण १.६ किलो कोरं ग्राउट धरतात. मी ते घरी करूनही पाहिलं. १०० ग्रॅम पावडर वजनकाट्यावर घेतली, पाकिटावर दिल्याप्रमाणे पाणी घालून कालवली आणि औषधाच्या मापाच्या कपात दाबून भरली. ६० च्या जरा पुढे रेघ आली. जमलं. म्हणजे १२ मिलिलिटरला १९ ग्रॅम. एक टाइल १९ ग्रॅम ग्राउट खाते.

१४७ चौरस फुटांत अशा १०१ टाइल्स बसतात. १०१ गुणिले १९, जवळजवळ दोन किलो. नुसत्या भिंतींनाच! जमिनीच्या टाइल्स ३०० बाय ३००, घसरू नये म्हणून खरखरीत घेतलेल्या, आणि तिथे मिस्त्रींनी ३ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे सांधा सारखा ठेवणारे तुकडे, लावले होते. ६०० गुणिले ३ गुणिले ८, म्हणजे टाइलमागे २३ ग्रॅम. ३६ टाइल्सना ८३० ग्रॅम. दोन पाकिटांत हे कधीच मावणार नव्हतं.

मग दुकानदारांचा नियम आला कुठून? हॉलमध्ये हल्ली सगळीकडे बसते ती दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल घेऊन पाहिली. ६०० अधिक ६००, रुंदी २, जाडी ९. एका टाइलला साधारण ३५ ग्रॅम. एका ब्रासमध्ये अशा जेमतेम २६ टाइल्स. उत्तर आलं ८९० ग्रॅम. ब्रासला एक किलो! नियम खोटा नव्हता. दुकानातून निघणाऱ्या मालातला मोठा भाग त्याच मापाचा, आणि तिथे तो नियम वर्षानुवर्षं बरोबर ठरला असणार. फक्त तो त्या टाइलचा नियम होता. टाइल लहान झाली की खाचा वाढतात, आणि नियम तिथेच राहतो. उलट दोन बाय चारची मोठी टाइल घेतली तर ब्रासला ६७० ग्रॅमच्या आसपासच लागतं, आणि किलोभर नेणाऱ्याचं उरतं. हे उमगल्यावर दुकानदारांवरचा माझा राग गेला. टाइलचं माप त्यांनी विचारलं नाही, पण मीही सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट अजून जुळत नव्हती. २ मिलिमीटरच्या हिशेबानं भिंतीला जेमतेम दोन किलो पुरायला हवं होतं, आणि आमची सव्वा ओळ बाकी राहिली होती. भिंतीला स्पेसर लावले नव्हते, मिस्त्रींनी खिळ्यांवर टाइल तोलल्या होत्या. कारखान्यातून माझा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, आणला आणि वर, दाराच्या चौकटीशी, जिथे पट्टी लावायची म्हणून सांधे रिकामे होते, तिथे दहा ठिकाणी पाती घालून पाहिली. कुठे २, कुठे २.२, दोन ठिकाणी चक्क २.९. सरासरी २.४. एवढासा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण माल तेवढ्याच प्रमाणात वाढतो. २ चे २.४ झाले की भिंतीचे १.९४ किलोचे २.३३ झाले. त्यात घमेल्याला चिकटलेलं, स्पंजनं पुसून गेलेलं धरा. नेमकी तेवढीच तूट आमच्या न्हाणीत उरली होती. आम्हाला चार पाकिटं लागणार होती, आणि ती एकदम घ्यायला हवी होती.

दिवाळीनंतर स्वयंपाकघराचं काम निघालं. ओट्यामागच्या भिंतीला आईला बारीक काचेच्या तुकड्यांची मोझॅक हवी होती, निळी-हिरवी. जागा ९ फूट लांब, २ फूट उंच, फक्त १८ चौरस फूट. फोडणीचे शिंतोडे आणि हळद सिमेंटच्या सांध्यात मुरते, आणि मग ती घासून निघत नाही. म्हणून इथे इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं, ग्राउट घ्यायचं ठरलं. ते महाग असतं, त्यामुळे जास्त आणणं परवडणारं नव्हतं आणि कमी पडणं तर मुळीच नको होतं.

मोझॅकचे तुकडे जाळीवर चिकटवलेले येतात, जाळीच्या अशा एका चौकोनाला मी पत्रा म्हणतो. एका पत्र्यावर तुकडे मोजले. ११ बाय ११, म्हणजे १२१. प्रत्येक तुकडा २५ मिलिमीटर चौरस, जाडी ४, मधली फट २. एका तुकड्याच्या वाट्याला ५० गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ४०० घन मिलिमीटर. पाऊण ग्रॅमही नाही, ०.६४. पण गुणिले १२१ केलं की पत्र्याला ७७ ग्रॅम. भिंतीला १९ पत्रे. दीड किलो! चौकाचौकातले बारीक ठिपके वेगळे. आकडा आला तेव्हा मीही पुन्हा तपासून पाहिला. न्हाणीच्या १४७ फुटांना दोन-सव्वादोन किलो लागलं आणि इथे १८ फुटांना दीड किलो. ब्रासच्या भाषेत सांगायचं तर आठ किलोंच्या वर.

मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. "दादा, वीतभर भिंतीला दोन किलो? अर्धा किलो बास व्हतंय." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी आयुष्यात माझ्यापेक्षा हजारपट सांधे भरलेत. म्हटलं, एक किलोचा एक सेट उघडू आणि किती पत्रे भरतात ते मोजू. माझ्या हिशेबानं तेरापेक्षा कमी भरायला हवे होते, सांडलेलं-पुसलेलं धरून अकरा-बारा.

इपॉक्सीत दोन भाग आणि भुकटी अशा तीन वस्तू येतात, आणि त्यांचं प्रमाण चुकलं तर सांधा नीट कडक होत नाही. म्हणून सेट अर्धवट वापरायचा तर तिन्ही गोष्टी वजनानं अर्ध्या करायच्या, नजरेनं नाही. आम्ही अख्खा सेट कालवला. तो हातात घट्ट होण्याआधी काम संपवायचं असतं. थंडीचे दिवस होते म्हणून जरा सवड मिळाली. मिस्त्री रबरी पट्टी तिरकी धरून ओढत होते, आणि मी मागून नायलॉनच्या घासणीनं आणि कोमट पाण्यानं काचेवरचा थर काढत होतो. इपॉक्सीचा पातळ थर काचेवर वाळला की नंतर निघायला फार त्रास देतो, म्हणून पुसणाऱ्याला क्षणभरही बसता येत नाही. मोझॅकच्या खाचा इतक्या दाट असतात की पट्टी एकदा फिरवून भागत नाही. दोनदा, तीनदा, उलटसुलट. दर ओढीला माल आत जाताना दिसतो, पट्टीखालचा गोळा झपाट्यानं लहान होतो.

अकरावा पत्रा भरून बारावा निम्मा झाला आणि माल संपला. मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली, भरलेले पत्रे स्वतः बोटानं मोजले आणि म्हणाले, "खातंय हे. लई खातंय." दुसरा सेट उघडला. शेवटी वाटीत थोडासा गोळा राहिला, तो आम्ही ओट्याच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात फिरवला. आई दुसऱ्या दिवशी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभी होती. तिला हवी होती तशीच झाली ती.

त्यानंतर मिस्त्रीच मला विचारायला लागले. दुसऱ्या एका कामाचं माप घेऊन त्यांचा फोन आला, "दादा, जिन्याला सहा बाय सहाची टाइल हाय, सांधा पाच. किती धरू?" मी म्हटलं, जाडी मोजा आधी. पण शिकणं दोन्ही बाजूंनी झालं. मागच्या पडवीत शहाबादी फरशी घालायची होती, कलबुर्गीकडच्या शहाबादचा तो आपला ओळखीचा राखाडी दगड. १२० चौरस फूट, दोन बाय दोनच्या ३० फरश्या. मी उत्साहानं हिशेब मांडला. जाडी २५, कडा हातानं तासलेल्या म्हणून सांधा ८. एका फरशीला ३८४ ग्रॅम, तीसला साडेअकरा किलो. मिस्त्रींनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. एवढ्या रुंद आणि खोल खाचेत बारीक ग्राउट ओतलं तर ते वाळताना आकसतं आणि भेगा पडतात. तिथे आधी खालून सिमेंट आणि बारीक चाळलेल्या वाळूचा माल ठासून भरायचा आणि वरच्या थराला पॉइंटिंग करायचं. शिवाय दगडाची जाडी एका फरशीतच दोन टोकांना वेगळी असते. माझं व्हर्नियर तिथे काय सांगणार? त्यांच्या पद्धतीनं केलं. पहिला पाऊस त्या पडवीवर येऊन गेला, सांधे जागच्या जागी आहेत.

खोलीबद्दल मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती माझ्या कागदावर नव्हती. टाइल दाबून बसवताना खालचा सिमेंटचा माल खाचेत वर चढतो. तो ओला असतानाच हॅकसॉच्या तुटक्या पात्यानं खरवडून काढला नाही तर खाच उथळ राहते. मग ग्राउट कमी लागतं आणि हिशेब चुकला असं वाटतं. पण ते पापुद्र्यासारखं वरवर बसतं आणि वर्षभरात सुटायला लागतं. म्हणून मी आता माल मोजतो तो पूर्ण जाडीचाच, आणि भरण्याआधी दोन-चार खाचांत काडी घालून खोली बघतो. वर दहा-बारा टक्के वाढवून पुढच्या अख्ख्या पाकिटापर्यंत नेतो. सगळी पाकिटं एका बॅचची आहेत ना, हे दुकानातच बघून घेतो, न फोडलेलं पाकीट परत घ्याल का तेही तिथेच विचारून ठेवतो. सिमेंटचं ग्राउट असेल तर सगळ्या पाकिटांची कोरी पावडर एका घमेल्यात एकत्र करतो. पाणी मात्र लागेल तेवढ्याच मालात, आणि तेही मापानं.

न्हाणीतला तो कोपरा राहिलाच होता. पहिल्या बॅचचं ग्राउट आता कुठे मिळणार नव्हतं, पण दुसऱ्या बॅचचं सहाशे ग्रॅमच्या वर उरलं होतं, आणि ते मी घट्ट झाकणाच्या डब्यात बॅच नंबर लिहून ठेवलं होतं. विचार केला, रंग बदलायचाच आहे तर निदान चारी भिंतींवर एका सरळ ओळीत बदलू दे. म्हणजे सहाव्या ओळीच्या उरलेल्या टाइल्सचे पांढरे सांधे खरवडून तिथेही खालचाच रंग भरायचा. दहा टाइल्स, २.४ च्या सांध्यानं प्रत्येकी २३, म्हणजे २३० ग्रॅम.

मार्चमधल्या एका रविवारी मी पातं घेऊन खाली बसलो. बाबा स्टूल ओढून मागे बसले आणि टॉर्च धरली. दोन तास एकेक करून खाचा खरवडल्या, ब्रशनं धूळ काढली, ओलं फडकं फिरवलं. ते मधूनमधून म्हणायचे, "डाव्या हाताला राहिलंय बघ थोडं." मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी २५० ग्रॅम पावडर घेतली. दहावी टाइल पुरी झाली तेव्हा वाटीत चमचाभर ग्राउट उरलं होतं. बाबांनी वाटी हातात घेऊन बघितली आणि टॉर्च बंद केली.